राष्ट्राध्यक्ष बसले ती खुर्ची

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे. आन्दीज पर्वतातल्या पुकामायो गावच्या इलारियो सुताराने मला राष्ट्राध्यक्ष बार्दालेस यांच्यासाठी घडवलं. ते गावात एकदाच आले. जेमतेम दहा मिनिटं बसले आणि म्हणाले, "पुढच्या पेरणीच्या आत इथे दवाखाना उभा राहील." लोकांनी त्यांच्यावर फुलं उधळली.

पेरणी झाली, बटाटे निघाले, दवाखाना काही आला नाही. पुढच्या वर्षी राजधानीत त्यांना गोळ्या घातल्याची बातमी आली. तेव्हापासून गावाच्या बैठकीत मला रिकामी ठेवू लागले. ऊन उतरलं की मी करकरायची.

"साहेब आलेत," कुणीतरी कुजबुजायचं.

"मग विचारा की त्यांना, दवाखाना कुठे अडलाय ते," इलारियोची सून निएवेस म्हणायची.

खरं सांगते, माझ्यावर कुणी दिसत नसे. तरी भार जाणवायचा.

मग निएवेस बाळंतपणात अडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईण गुमेर्सिंदा इलारियोला म्हणाली, "खुर्चीला दांडे बांध. हिला खाली शहरात न्यायला हवं."

"मावशी, ती साहेबांची आहे," इलारियो चाचरला.

"साहेब गेले. ही अजून आहे. बांध लवकर."

चौघांनी मला खांद्यावर घेतलं. उतारावर मागचा गडी धापा टाकत म्हणाला, "पोरगी तर काडीसारखी. मग हे वजन कुणाचं?" निएवेस माझ्यावर एकटी बसलेली नव्हती.

शहर गाठलंच नाही. नदीकाठी मूल जन्मलं. मुलगी रडली, आणि माझ्या हातावरची निएवेसची पकड सैल झाली ती कायमची. इलारियोने मला नदीत धुतलं, परत वर आणलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं मला कुणी पुसलंसुद्धा नाही.

नंतर राजधानीची माणसं आली. आता मी संग्रहालयात आहे. भोवती दोरी आहे. पाटीवर लिहिलंय, 'येथे राष्ट्राध्यक्ष बसले होते.'

परवा एक बाई आली. चेहरा थेट निएवेसचा. तिने दोरीवरून हात घातला.

"बाई, हात लावू नका," रखवालदार म्हणाला. "राष्ट्राध्यक्षांची खुर्ची आहे ती."

"माझ्या आईची आहे," ती म्हणाली.

त्याने पाटी पुन्हा वाचली आणि नकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण पाटी लिहिण्याआधी गावात एकदा विचारून या.