एकच बिऱ्हाड

ओल आलेल्या भिंतीपुढं मल्लाप्पानं लोखंडी कपाट सरकवलं आणि धोतराच्या सोग्यानं घाम पुसला. राजाजीनगरातलं हे भाड्याचं घर मालकानं विकायला काढलं होतं. कालचं गिऱ्हाईक तोंडावर सांगून गेलं होतं, इथं गोदाम करणार. आज यायचे होते ते कारखान्यातले इंजिनीयर, बिंदुमाधव; त्यांना घर भाड्यानं देण्यासाठीच हवं होतं. त्यांच्याशी निदान मराठीत बोलता येणार होतं. एकावन्न सालापासूनची नऊ वर्षं या घरात गेली होती. इथंच राहायचं तर ते यांच्याच गळ्यात घालायला हवं होतं.

"ओलीचं काही बोलू नकोस."

"आता म्हातारपणी लबाडी शिका," त्याची बायको तानूबाई म्हणाली.

बिंदुमाधव पत्नीला, नीलाला घेऊन आले. सकाळीच ते चामराजपेटेतलं एक वठार पाहून आले होते.

"एका अंगणात सहा बिऱ्हाडं," ते म्हणाले. "भाडं याच्या दुप्पट येतं. मन तिकडंच ओढतंय."

"साहेब, सहा चुली आणि नळ एक. रोजची पंचाईत. एकजण भाडं देतो, दुसरा गावाला निघून जातो. इथं आम्ही दोघंच. नऊ वर्षांत मालकाला दारात यावं लागलं नाही. आवाज चढवणं आमच्या रक्तातच नाही."

"खरं का हो अक्का?" नीलानं विचारलं.

"यांचा आवाज मलासुद्धा ऐकू येत नाही."

सगळे हसले. बिंदुमाधवांनी न्हाणीघर, मागचं अंगण पाहिलं आणि येऊन कट्ट्यावर बसले.

"पटलं तुमचं. हेच घेतो."

मल्लाप्पाचे हात आपोआप जोडले गेले. तानूबाई लगबगीनं कॉफी करायला आत वळली.

"आमचे वकीलही हेच म्हणाले," बिंदुमाधव चष्मा पुसत होते. "नवं भाडं लावायचं तर आधी घर रिकामं करून घ्यावं लागतं. वठारात सहा जण, म्हणजे सहा दावे. इथं एकच बिऱ्हाड, तेही न भांडणारं. तुम्ही काही कोर्टात जाणार नाही."

जोडलेले हात सोडायचं मल्लाप्पाला सुचलं नाही.

"दिवाळीपर्यंत राहा की," बिंदुमाधव समजुतीनं म्हणाले. "तशी घाई नाही."

तानूबाई कॉफीचे पेले घेऊन बाहेर आली. पदर तिनं नव्यानं खोचला होता.

"बरं, ठरलं ना?"

"ठरलं," मल्लाप्पा म्हणाला. "साहेबांना आधी दे."