खुंटीवरची माळ

साकोलीच्या डॉक्टरांनी मला दोन पदार्थ सांगितले होते. घरी येऊन मी एकच सांगितला. पुढे जे काही झालं ते एवढ्यावरून झालं, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, टीबी निघाला होता. नाव घनश्याम, वय एकसष्ट, उंची दारातून वाकून यावं लागेल अशी आणि वजन एक्केचाळीस किलो. दिवाळीनंतर खोकला धरला तो सुटलाच नाही. डॉक्टर तरणे होते, घाईत होते, पण तुसडे नव्हते. मामाजी बाहेर बाकावर टेकले होते, आत मी एकटी. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या आपलं काम करतील. पण अंगात काही नसेल तर माणूस गोळ्यांनीच थकतो. प्रोटीन पाहिजे. सोयाबीनची वडी द्या, नाहीतर रोज दोन अंडी. महिन्यानं वजन करू."

अंडी हा शब्द मी दवाखान्याच्या पायरीवरच ठेवून आले.

त्याचं कारण माझा नवरा. घरात मी त्याचं नाव घेत नाही, इथे लिहिताना घेते. भुपेंद्र साकोलीला राईस मिलमध्ये कामाला आहे. चार वर्षांपूर्वीपर्यंत तो इतका प्यायचा की मी माझी एक पिशवी भरूनच ठेवलेली असायची, माहेरी बपेऱ्याला जायला. एका संध्याकाळी बापलेकांची जुंपली. भुपेंद्र झिंगलेला होता. म्हणाला, "तुमी मासे सोडा, मंग मी दारू सोडतो." त्याला वाटलं, बाबा काय सोडतात! मामाजी म्हणजे सत्तावन्न वर्षं तलावातल्या माशांवर वाढलेला माणूस. एक दिवस मासा नसला तर आत्याबाईंशी, म्हणजे सासूबाईंशी, बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपलं जाळं उचललं आणि शेजारच्या चिंधूला देऊन टाकलं. मग भुपेंद्रला पळायला जागा उरली नाही. अड्याळच्या सप्त्यात दोघांनी एकाच दिवशी तुळशीची माळ घातली.

माळ घातलेल्याला अंडं खायचं तर आधी माळ काढून खुंटीला टांगावी लागते. आमच्याकडे ही सोय पुष्कळांनी करून घेतली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावातल्या निम्म्या माळा खुंटीवर असतात आणि निम्म्या घरांतून मटणाचा वास येतो, कोणी कोणाला विचारत नाही. पण आमच्या घरात तो करार होता. एकाची माळ खुंटीवर गेली की दुसऱ्याची किती दिवस गळ्यात राहणार? हा हिशेब मी त्या पायरीवर उभी राहून केला. सासऱ्याचं अंग की माझा संसार, आणि मी संसार धरला. कोणी काही म्हणो.

म्हणून सोयाबीन. चार दिवस रोज वडीचा रस्सा केला. पाचव्या दिवशी मामाजींचे ओठ सुजले आणि अंगभर पित्त उठलं. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. लग्नाच्या पंगतीत माळकऱ्याचा मान म्हणजे सोयाबीनची वडी. लोक प्रेमानं वाढतात, "घ्या, मटणासारखीच लागते." आणि मामाजी प्रत्येक लग्नातून आले की रात्रभर खाजवत बसायचे. चार वर्षं आम्ही मंडपातल्या डासांना शिव्या घातल्या.

गावची आशा कार्यकर्ती भावना गोळ्या द्यायला आली होती, तिनं ते ओठ पाहिले. "सोयाबीन बंद करा आजपासून," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "डॉक्टरनं दुसरं काई सांगतलं होतं का वं?"

"नाही," मी म्हटलं.

आतापर्यंत मी नुसतं गिळलं होतं. आता तोंडानं खोटं बोलले. आणि खोट्याची भरपाई करायची म्हणून डाळींच्या मागे लागले.

बाई गं, काय काय केलं नाही मी! पहाटे उठून मूग वाटले. बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे तळले. वालाच्या शेंगा सोलून सोलून अंगठ्याचं नख काळं पडलं. हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या, चणे भाजून सातू दळला, गोळाभाताचे बेसनाचे गोळे रोजच्या दुप्पट टाकले. उडदाच्या डाळीत कोहळा किसून वड्या घातल्या आणि त्या वाळेपर्यंत माकडांपुढे काठी घेऊन बसले. पनीर करावं म्हणून दूध चुलीवर ठेवून लिंबू कापलं, तर आत्याबाईंनी माझा हातच धरला. "चांगलं दूध हातानं फाडते का कोनी? घरात दुखनेकरी आहे," त्या म्हणाल्या. दूध नासणं अपशकुन, आणि मी ते मुद्दाम नासवणार होते. दही लावलं. ते मामाजींना रात्री चालेना, सकाळी आवडेना.

लाखोरीची डाळ घरचीच होती. धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे खाचरात, फेकलेली, फुकटासारखी येणारी. भावना म्हणाली, "रोज नका देऊ, पाय लुळे पडतेत, आठवड्यातून दोनदाच. रातभर भिजवा अन् ते पाणी फेकून द्या." या लाखोरीच्या वड्या मात्र मामाजींनी खाल्ल्या. भुपेंद्रला तर त्या इतक्या आवडल्या की तो डब्यातही मागू लागला. ज्याच्यासाठी करावं तो चिमणीसारखा टिपणार आणि ज्याच्यामुळे करावं लागतंय तो ताटभर रिचवणार. मला हसूही येईना. पाट्यावर बसलं की पाठ अशी धरायची की उठताना भिंतीला हात लावावा लागे.

पंधरा दिवसांनी भावनानं वजनकाटा आणला. एक्केचाळीस. जिथल्या तिथे. मी काट्याकडे बघत राहिले. माझं इतकं दळण कुठे गेलं?

भावना त्या दिवशी मामाजी जेवेपर्यंत बसून राहिली आणि तिनं चोर पकडला. मामाजींनी आधी भाताचा डोंगर घेतला. त्यावर डाळीचं वरचं पातळ पाणी ओतलं. डोंगर संपेपर्यंत पोट भरलं, आणि कडेच्या चार वड्यांतली एक मोडून त्यांनी तोंडी लावली. बाकीच्या परत माझ्याकडे. आमच्याकडे भात म्हणजे जेवण, बाकी सगळं तोंडी लावायला. यात काही चूक असेल हे मलाही दिसलं नव्हतं, मीही तशीच जेवते.

"ताट उलटं करा," भावना म्हणाली. "आधी वड्या, घुगऱ्या. ते संपल्याबिगर भात नाई."

मामाजी भडकले. "भाताबिना पानावर बसवून राहिली का मले? मी काय बकरी आहो, शेंगा चघळाले?"

पण मी भाताचं गंज, म्हणजे पातेलं, मागे ठेवू लागले. रोज भांडण. ते वडी चावत माझ्याकडे असे बघत जसं काही मीच त्यांचं जाळं नेलं. कधी वाटे, म्हणावं, मामाजी, मला नका बघू असं, मी थकले आहे. म्हटलं नाही. महिना भरला तेव्हा काटा बेचाळीस आणि वर थोडा दाखवत होता. सव्वा किलो. मी मनातल्या मनात लाखोरीला हात जोडले.

या खेपेला मामाजी स्वतः आत आले. डॉक्टरांनी कागद पाहिला, मान हलवली. "वाढलंय, पण हळू. तीन किलो तरी वाढायला हवं होतं. अंडी देताय ना? मागच्या वेळी सांगितलं होतं मी ताईंना."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. डॉक्टर पुढे लिहीत होते.

बाहेर आल्यावर ते बसस्टँडजवळच्या दुकानात गेले, चार अंडी कागदात बांधून घेतली आणि बसमध्ये मांडीवर धरून बसले. मी त्यांच्या मागच्या बाकावर. आमचं गाव एकोडी आल्यावर उतरताना म्हणाले, "काहून लपवलं, ते समजते मले. राग नाई." जरा दम घेतला. "पन मले जगायचं आहे, बाई."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, देव्हाऱ्यासमोर उभे राहिले, गळ्यातली माळ डोळ्यांना लावली आणि काढून खुंटीला टांगली. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग त्या उठल्या आणि अंडी उकडायला त्यांनीच ठेवली. मी उठले नाही. माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. भुपेंद्र साडेसहाला येतो.

चार वर्षं त्याच्या येण्याची एक पद्धत आहे. गाडी लावतो, दाराशी येतो. मी पाण्याचा लोटा घेऊन जाते. लोटा देताना जरा पुढे होते, आणि त्याच्या तोंडाचा वास घेते. त्याला कळू न देता. चार वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. वास आला नाही की मग मी ताटं वाढायला घेते.

त्या दिवशी तो आला तेव्हा मामाजी ताटावर होते. ताटात दोन अंडी, सोललेली, वर मीठ. बाजूला बरबटीचे वडेही होते, पण त्यांच्याकडे कोण बघतं! चार वर्षांनी माणूस डोळे मिटून चावत होता. भुपेंद्रनं ताट पाहिलं, मग खुंटी पाहिली. त्याचा हात आपल्या माळेवर गेला. त्यानं लोटा घेतलाच नाही. वळला, गाडीला किक मारली आणि चौकाच्या बाजूला गेला.

चौकात काय काय मिळतं ते मला चांगलं माहीत आहे.

आत्याबाई म्हणाल्या, "कामिनी, बस वं जरा." मी बसले नाही. भरलेली पिशवी आता नव्हती, चार वर्षांत तिच्यात कांदे ठेवायला लागले होते. कांदे कुठे ओतावेत हा विचार माझ्या डोक्यात आला, देवाशपथ. मामाजींनी दुसरं अंडं अर्धं ठेवलं. त्यांनाही ते उतरेना.

गाडीचा आवाज आला. मी लोटा उचलला. भुपेंद्र दाराशी आला, त्याच्या हातात अंड्यांचा पूर्ण ट्रे होता, तीस अंड्यांचा, वर सुतळी बांधलेला.

"दोन अंड्यानं काय होते?" तो आत बापाकडे बघून म्हणाला. "रोज खा. अन् माह्या माळेची फिकीर करू नोका, ते माही आहे."

ट्रे त्यानं उंबरठ्याच्या आत ठेवला. मी लोटा पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. तिथेच उभा राहिला, वाकला, आणि आपलं तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं.

"घे," तो हळूच म्हणाला. "वास घे. चार वर्सं झाले, रोज इथं थांबतो मी, तुले घेता यावं म्हनून. तुले वाटते मले समजत नाई?"

लोट्यातलं पाणी त्याच्या पायावर सांडलं. चार वर्षं मी याच्यावर पाळत ठेवली, याच्या बापाचा घास लपवला, आणि हा रोज दारात तोंड घेऊन उभा राहत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नको म्हणायला हवं होतं. विश्वास आहे म्हणायला हवं होतं.

मी वास घेतला. लाज वाटली, तरी घेतला. घामाचा होता, मिलमधल्या कोंड्याचा होता. दुसरा कशाचाच नव्हता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

त्यानं पाय धुतले आणि बापाच्या शेजारी पाटावर बसला. मग मामाजींनी आपलं उरलेलं अर्धं अंडं उचललं. मी ताट आणलं तसा भुपेंद्र म्हणाला, "मले लाखोरीच्या वड्या वाढ. भात मागून."