बरोबरीची कुस्ती

शेंदूरजनाघाटच्या शिवारात भर दुपारी नत्थुजींच्या विहिरीकडे कोणी फिरकत नसे. तिथल्या चिंचेवर झोटिंग राहतो, एकट्या गड्याला कुस्तीला बोलावतो, हरेल त्याला विहिरीत ओढतो आणि जिंकेल त्याचा जन्मभर गुलाम होतो, असं सगळे मानत. नत्थुजींचा नितेश मात्र तालमीत घडलेला, पंचविशीतला गडी. मे महिन्यात संत्र्यांच्या ठिबकची फुटकी नळी बघायला तो तिकडे गेला आणि मागून शड्डू घुमला.

"खेळतं का कुस्ती?"

लंगोट लावलेला, सावळा, हसऱ्या डोळ्यांचा जवान. एवढ्या उन्हात उभा, पण सावली नाही! नितेशच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळावं की भिडावं हे ठरायच्या आतच पंजात पंजा गेला. विहिरीच्या पाण्यासारखा गार.

कुस्तीचा निकाल लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग नितेश रोजच जाऊ लागला. झोटिंगाचं नाव मोतीराम. फार वर्षांपूर्वी याच विहिरीत बुडालेला. डाव संपला की दोघं चिंचेखाली खांद्याला खांदा लावून बसत. एकदा मोतीरामने नितेशच्या कपाळाची माती पुसली आणि हात तिथेच राहू दिला. त्या दिवशी नितेशला जेवण सुचलं नाही. एकटाच हसत बसला.

ते पाहून त्याची आई आशाबाई हादरली. पोराला झोटिंगाने धरलं म्हणत तिने अचलपूरहून रविकांत गुरुजींना बोलावलं. मंतरलेला खिळा चिंचेत ठोकला की झोटिंग कायमचा झाडात कोंडला जाणार होता.

नितेश जीव खाऊन धावला. "मोतीराम, गुरुजी खिळा घेऊन येऊन राहिले!"

"मंग पाड मले. तुहा गुलाम झालो का खिळा लागत नाई."

"गुलाम नाई पायजे मले. तू पायजे!"

"मंग तुले पाडू? विहिरीत नेऊ?" मोतीराम मागे सरला. "नाई जमत माह्याच्यानं."

बांधावरून आईच्या हाका आल्या. नितेशने त्याची कंबर घट्ट धरली. "संगंच पडू. कोनी जिंकलं नाई, कोनी हरलं नाई!"

दोघं एकदमच उताणे कोसळले. चिंच मुळापासून हलली, विहिरीचं पाणी काठापर्यंत उसळलं आणि नितेशच्या बोटांत गुंतलेली बोटं गरम होत गेली. मोतीराम धापा टाकत होता!

तेवढ्यात आईसोबत पोचलेल्या गुरुजींनी वाकून मोतीरामचं मनगट धरलं. "आशाबाई, याची नाडी चालते आहे. जित्या माणसासाठी खिळा कशाला ठोकू?"

"कोन हाय हा?" आशाबाई पुढे येत म्हणाली.

"मोतीराम. माह्या जिवाचा माणूस हाय, आई. आता माह्यासंगंच राहीन."

तिची नजर त्या गुंतलेल्या बोटांवर गेली. "त्याले आंगात घालाले दे काई," ती म्हणाली, "आन घरी आन. भाकरी टाकतो मी."

मोतीराम उठला, पहिलंच पाऊल टाकलं आणि टुणकन उडाला. "बाप्पा! पाय भाजला!" ओरडला, आणि आनंदाने पुन्हा त्याच तापल्या मातीत नाचू लागला.