विळ्याचं पाणी

लोखंडाला पाणी देतात, म्हणजे भाजून लाल करतात नि पाण्यात बुडवून कडक करतात, हे उंद्रीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण विळ्याचं पाणी वेगळं आणि जीपच्या गेराचं वेगळं, हे हिंमतरावला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही असं कबूल करील तर तो हिंमतराव कसला!

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. भाजीपाल्याच्या जोरावर हिंमतरावने लष्कराच्या लिलावातली जीप आणली. तिला एक जादा दांडी होती. ती ओढली की छोटा गेर पडायचा, चाकं अगदी सावकाश फिरायची, पण जीप दोन बैलजोड्यांची ओढ एकटी लावायची. काळ्या चिखलात वापरून वापरून त्या गेराचे दात झिजले, तेव्हा त्याने खामगावच्या एका लेथवाल्याकडून जाड दातांचा नवा कापून घेतला. लेथवाला म्हणाला, "आठ दिवस ठेवा. वरचा थर कडक करतो, आतला गाभा नरम राहू देतो." गाभा नरम? हिंमतरावला वाटलं, हा आपल्याले येड्यात काढून राह्यला. त्याने गेर तसाच उचलला आणि गावच्या इंद्रभान लोहारापुढे टाकला.

"विळ्यावानी पाणी दे याले. आरपार."

इंद्रभानने मान डोलावली. त्याचे विळे चार गावांत नावाजलेले. वर्षभर गेर तसूभर झिजला नाही, आणि हिंमतराव येईल त्या पाहुण्याला गेराची पेटी खोलून ते दात दाखवायचा. अरे, न झिजणं वेगळं नि न तुटणं वेगळं! आरपार कडक झालेला दात काचेसारखा ठिसूळ. पण त्या शहाण्याला सांगणार कोण?

नव्या विहिरीत सुरुंग उडवला, त्या सकाळची गोष्ट. धाकटा भाऊ निवृत्ती दगड भरायला खाली उतरला आणि कपारीतली एक शिळा त्याच्या डाव्या पायावर घसरली. तिच्यामागून झरा फुटला. ज्या पाण्यासाठी दोघा भावांनी जिवाचं रान केलं, ते पाणी धो धो आलं आणि पाय अडकून खाली बसलेल्या निवृत्तीच्या छातीला लागलं. दोन्ही बैलजोड्या मोटेला जुंपून पाणी उपसणं चालू होतं. बैल सोडून शिळेला लावावेत, तर पाणी डोक्यावरून जाणार. राहिली जीप. शिळेला तारेचा दोर बांधला, कप्पीवरून घेतला, जीपला अडकवला.

हिंमतरावने दांडी ओढली. जीप वीतभर सरकली. दोर ताणला, शिळा चार बोटं उचलली गेली.

"दादा, अजून थोडी," खालून निवृत्ती ओरडला. "पाय हालते आता."

तेवढ्यात पेटीत खिट् असा आवाज झाला. दात तुटला होता. हिंमतरावच्या तोंडचं पाणी पळालं. थांबावं की ओढावं? त्याने ओढलं. मग दुसरा दात, तिसरा, आणि मग आत नुसता खडखडाट. जीप मागे घसरली, दोर सैल पडला, शिळा होती तिथेच पडली, आणि खालून जी किंकाळी आली ती ऐकून मोटेचे बैलसुद्धा थबकले. त्याने ब्रेक दाबला तेव्हा धरून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोठ्या गेरात घालून पाहिलं, तर इंजिन धक्का खाऊन बंद पडलं. स्टेअरिंगवर डोकं आपटत तो म्हणत राहिला, "मीच मारलं त्याले, मीच मारलं."

पाणी निवृत्तीच्या हनुवटीला लागलं होतं.

रुख्मिणी, निवृत्तीची बायको, भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, कधी तोंड उघडत नव्हती. ती पदर सावरत जीपपाशी आली आणि कमरेचा विळा तिने हिंमतरावच्या पुढ्यात धरला. "हाड तं चुरलंच हाय," ती म्हणाली. "पाय राहू द्या तिथं. त्यायले आना."

हिंमतराव दोराने खाली उतरला. निवृत्तीने मान वर ताणून विळ्याकडे पाहिलं.

"कोनाचा हाय, दादा?"

"इंद्रभानचा."

"मंग कापते बराबर," निवृत्ती म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

हिंमतरावने त्याची मांडी दोरीने करकचून आवळली, छाती भरून श्वास घेतला आणि पाण्यात बुडी मारली. श्वासासाठी वर यावं, पुन्हा बुडावं. किती वेळा, ते त्याने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

निवृत्ती वर आला. जिवंत आला. त्याला बैलगाडीत घालून चिखलीच्या दवाखान्याकडे नेलं, रुख्मिणी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. हिंमतराव बांधावर बसून राहिला, विळा मुठीतच. धावून आलेल्या इंद्रभानने तो हळूच सोडवून घेतला, धुतला आणि सवयीने धारेवरून अंगठा फिरवला.

"धार कुठंच मोडली नाही," तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो, मोडलेल्या गेरालाही पाणी आपणच दिलं होतं, आणि मग दोघंही तिथंच हमसून हमसून रडले.