सतरा वर्षांत चौदा सामने

लीना भागवतने नव्या खेळाडूचे हात आधी पाहिले आणि चेहरा नंतर. पंधरा वर्षं फिजिओथेरपी केल्यावर तेवढी खोड लागतेच. बहारिनमध्ये, झिंज भागातल्या तिच्या क्लिनिकचा एका फुटबॉल क्लबशी करार होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात क्लबच्या मॅनेजरने फोन करून सांगितलं की स्पेनहून नवा गोलकीपर आलाय, सही करण्याआधी त्याची तपासणी करून द्या. नाव एलॉय कास्त्रिल्यो, वय पस्तीस.

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. दहातली सात बोटं कधी ना कधी मोडलेली होती. उजवी करंगळी बाहेर वळली होती, डाव्या मधल्या बोटाचं पेर सुपारीसारखं फुगून कायमचं तसंच राहिलं होतं. फॉर्ममध्ये लिहायचं म्हणून लीना एकेक बोट धरून विचारू लागली. केव्हा, कसं, कोणत्या सामन्यात.

"सामन्यात एकही नाही," एलॉय म्हणाला. "सगळी सरावात. आमच्याच माणसांनी मोडलीत."

मग तो घरच्या माणसांची ओळख करून द्यावी तसं सांगत गेला. करंगळी संघाच्या मुख्य स्ट्रायकरच्या फटक्याने, एका मंगळवारी फ्री-किकच्या सरावात गेली. मधलं बोट एका ब्राझिलियन मुलाच्या. तो नंतर दवाखान्यात येऊन रडला होता, उलट एलॉयलाच त्याची समजूत घालावी लागली. डावा अंगठा दोन वेळा, दोन्ही वेळा एकाच माणसाकडून. एलॉयचं इंग्रजी तुटक होतं, पण सांगण्यात तक्रारीचा सूर नव्हता. लीनाने त्याला खेळायला योग्य असल्याचं लिहून दिलं. तो गेल्यावरही ती फॉर्मकडे बघत बसली.

उम्म अल हस्सम भागातल्या घरी जेवताना तिने हे सांगितलं, तेव्हा तेरा वर्षांच्या लेकीने, आर्याने ताट बाजूला सारून फोनवर त्याचं नाव शोधलं. घरात मराठी चालायचं, पण आर्या उत्तर द्यायची ते इंग्रजीतच. "फोर्टीन मॅचेस, आई," ती म्हणाली. "इन सेव्हन्टीन इयर्स."

सलीलला, म्हणजे लीनाच्या नवऱ्याला, ती छपाईची चूक वाटली. आर्याने आणखी दोन ठिकाणी पाहिलं, आकडा तोच होता. मोठ्या लीगमधल्या एका क्लबात तो आठ वर्षं दुसरा गोलकीपर होता, पुढच्या दोन ठिकाणीही दुसराच, शेवटी एका ठिकाणी तिसरा. आर्याने आईला समजावलं की बाकीच्या जागांवर माणसं अदलाबदल होतात, गोलकीपरचं तसं नसतं. पहिला जायबंदी झाला तरच दुसरा उठतो. एलॉयच्या नशिबी आलेला पहिला गोलकीपर आठ वर्षांत फक्त एकदा तापाने झोपला होता.

सलील म्हणाला की पूर्ण पगार आणि काम नाही, अशी नोकरी सोडेल कोण. लीनाला ते पटलं नाही. काम नव्हतं असं ती सात बोटं म्हणत नव्हती. हा माणूस रोज सकाळी उठून इतरांइतकाच, कदाचित जास्तच, झटला होता. मग जिथे खेळायला मिळेल अशा एखाद्या लहान क्लबात तो गेला का नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यात बसला.

रविवारी आणि सामन्याच्या दिवशी लीना क्लबवर जायची. सराव संध्याकाळी असे, कारण बहुतेक खेळाडू सकाळी नोकरी करत. कुणी विमानतळावर, कुणी सरकारी खात्यात. जासिम एका बँकेच्या शाखेत होता. तो एकोणतीस वर्षांचा, शांत बहारिनी माणूस, क्लबचा दुसरा गोलकीपर. तीन वर्षं तो एका म्हातारा होत चाललेल्या गोलकीपरच्या मागे बसला होता. तो गोलकीपर मे महिन्यात निवृत्त झाला, आता आपली पाळी असं जासिमने घरी सांगूनही टाकलं, आणि ऑगस्टमध्ये क्लबने एलॉयला आणलं. जासिम कुणाला काही बोलला नाही. मैदानावर यायला मात्र त्याला उशीर होऊ लागला.

हे एलॉयला दिसतं का, हेही लीनाला जाणून घ्यायचं होतं. आठवड्यातून एकदा तो बोटं गरम मेणात शेकून घ्यायला क्लिनिकमध्ये यायचा. एकदा हात मेणात असताना तिने विचारलंच, की आठ वर्षं एका जागी का राहिलात. शहर चांगलं होतं, तो म्हणाला. बायकोची शाळेतली नोकरी तिथेच होती. संघातली माणसं चांगली होती. मुलाखतीत द्यावं तसं उत्तर होतं ते. खरं उत्तर हे नव्हे, एवढं लीनाला कळलं, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

मोसम सुरू झाला. पहिल्याच सामन्यात एलॉयने एक उंच चेंडू सोडून दिला, तो बाहेर जाईल असं त्याला वाटलं, आणि गोल झाला. घरी टीव्हीवर ते पाहून आर्याने डोळे झाकून घेतले. पण पुढे तो सावरला. चमत्कार वगैरे त्याने काही केले नाहीत, जे अडवायला हवं ते अडवलं. जानेवारीपर्यंत त्याचे अकरा सामने झाले आणि क्लब तिसऱ्या क्रमांकावर आला.

शुक्रवारी पहिल्या क्रमांकाच्या संघाशी सामना होता. सोमवारी सरावात एक जोरकस फटका अडवताना एलॉयच्या उजव्या अनामिकेवर चेंडू बसला. मंगळवारी दुपारी तो क्लिनिकमध्ये आला तेव्हा बोट काळंनिळं झालं होतं. एक्स-रेमध्ये मधल्या हाडाला बारीक भेग दिसली. चार आठवडे, निदान.

एलॉयने एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "बोट मुरगळलंय, एवढंच लिहा," तो म्हणाला. "पट्टी बांधून खेळतो."

लीना म्हणाली की भेग वाढली तर सांधा कायमचा जाईल. सात बोटं गेली तेव्हा हे आठवं कशाला राखायचं, असं त्याने विचारलं. एका सामन्यासाठी एवढं काय, तिने विचारलं.

"सतरा वर्षं मी दुसऱ्याचं बोट मोडायची वाट पाहिली, लीना," तो म्हणाला. "मी वाईट माणूस नाही. पण दर आठवड्याला मनात यायचंच. आज जासिमच्या मनात काय येणार आहे ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे."

आणि मग, तिने न विचारताच, त्याने त्या जुन्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. तेविसाव्या वर्षी एका लहान क्लबाने त्याला बोलावलं होतं, पहिला गोलकीपर म्हणून. तो गेला नाही, कारण तो घाबरला. सरावात तो उत्तम होता, सगळे म्हणायचे की हा पहिल्यापेक्षाही सरस आहे. बाकावर बसलं की हे खरं मानता येतं. मैदानात उतरल्यावर ते खोटं निघालं तर? असं करत वर्ष जायचं, मग दुसरं. शेवटी पस्तिसाव्या वर्षी तो अशा देशात आला जिथे त्याला ओळखणारं कुणीच नव्हतं. आपण खरंच कसे आहोत ते पाहायला. अकरा सामन्यांत अजून नीट कळलं नव्हतं. शुक्रवारी कळलं असतं.

लीनाला त्याचं ऐकून वाईट वाटलं. पण एक्स-रे तिने पाहिला होता. तिने रिपोर्टमध्ये भेग आहे असं लिहिलं, सही केली आणि एक प्रत त्याला दिली. तो कागद न घेताच निघून गेला.

शुक्रवारी ती बाकाच्या टोकाला बर्फाची पेटी घेऊन बसली. शेजारी एलॉय, हाताला पट्टी. जासिमचे पाय पहिल्यापासून जड होते. विसाव्या मिनिटाला एक साधा चेंडू त्याच्या हातातून निसटला आणि गोल झाला. लीनाने एलॉयकडे पाहिलं. त्याचा चेहरा कोरा होता. मग तो उठला, रेषेपर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. पंचांनी दोनदा मागे जायला सांगितलं, तो दोन पावलं मागे गेला आणि उभाच राहिला.

मध्यंतरात प्रशिक्षक बचावफळीला झापत होते. जासिम भिंतीकडे तोंड करून बसला होता. एलॉय त्याच्यासमोर उकिडवा बसला. गोलबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. त्याने जासिमचे हातमोजे काढून घेतले, पाण्याने ओले केले, पुन्हा घालायला दिले. मग त्याने फक्त एक गोष्ट सांगितली, आणि लीना जवळच असल्याने तिने ती ऐकली. पहिली दहा मिनिटं प्रत्येक चेंडूला ओरड. चुकलं तरी चालेल, आपल्या माणसाचं नाव घेऊन ओरड.

उत्तरार्धात जासिमचा आवाज पार प्रेक्षकांपर्यंत पोचू लागला. बँकेत हा माणूस कुजबुजल्यासारखा बोलत असेल, असं लीनाच्या मनात आलं. आधी त्याच्या हाका चुकत होत्या, मग बरोबर येऊ लागल्या, आणि बचावाची माणसं त्याचं ऐकू लागली. त्याने तीन फटके अडवले, त्यातला एक अगदी शेवटच्या मिनिटाला. मधल्या वेळात त्यांच्या संघानेही एक गोल केला होता, आणि सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. संघ जासिमभोवती गोळा झाला तेव्हा एलॉय बाटल्या गोळा करत होता.

पुढच्या मंगळवारी तो क्लिनिकमध्ये आला, तिच्यासाठी खजुरांचा डबा घेऊन. माफी वगैरे काही मागितली नाही. लीनाने बोटाची पट्टी बदलली आणि जासिमला काय सांगायचं ते कसं सुचलं, असं विचारलं. त्याला तो प्रश्न विचित्र वाटला. गोलकीपर कुठून ढासळतो आणि कुठून परत उभा राहतो, हे त्याने बाकावरून सातशे वेळा तरी पाहिलं होतं. दुसरं पाहायला होतंच काय?

"तो गोल झाला तेव्हा मला बरं वाटलं," तो म्हणाला. "दोन सेकंद. मग मी त्याचे खांदे पाहिले."

बोट पाच आठवड्यांत भरलं, पण प्रशिक्षकांनी जासिमलाच ठेवलं. एलॉय बाकावर बसला. शेवटच्या चार सामन्यांतले दोन त्याच्या वाट्याला आले, एक जिंकला, एक हरला, आणि मे महिन्यात करार संपला. जायच्या आधी तो लीनाला भेटायला आला. जे पाहायला आला होतात ते कळलं का, असं तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "मी बरा गोलकीपर आहे. फार चांगला नाही. वाईटही नाही."

हे कळून त्रास झाला का, तिने विचारलं. त्याने खरोखर विचार केला. त्रास बारा वर्षांपूर्वी झाला असता, म्हणाला, आणि तेव्हा तो परवडला असता. आता तो स्पेनमध्ये, बुर्गोसजवळच्या आपल्या गावी गोलकीपर घडवायचं काम करणार होता. तिथल्या मुलींच्या संघाला माणूस हवा होता. त्याला विमानतळावर सोडायला जासिमने बँकेतून अर्धा दिवस रजा घेतली.

जूनमध्ये क्लबने पुन्हा एक परदेशी गोलकीपर ठरवला. बातमी आल्यावर जासिम क्लिनिकमध्ये आला. गुडघा दाखवायला, असं म्हणाला, पण गुडघ्याला काही झालं नव्हतं. खालच्या डिव्हिजनमधल्या मुहर्रकच्या एका क्लबाने त्याला विचारलं होतं. मैदान लहान, संघ कच्चा, पण प्रत्येक सामना त्याचा. इथे थांबलो तर काय, तिथे गेलो तर काय, असं तो बोलत राहिला. लीनाने त्याला सल्ला दिला नाही. एलॉयने तिला एक्स-रे धरून जे सांगितलं होतं ते सांगावं का, याचा तिने विचार केला. मग लक्षात आलं की एलॉयने ते त्याला आधीच सांगितलेलं असणार, विमानतळापर्यंतच्या अख्ख्या रस्त्यात. जासिमने दुसऱ्या दिवशी सही केली.

सप्टेंबरात एका संध्याकाळी लीना आर्याला घेऊन मुहर्रकला गेली. पहिल्यांदाच ती बर्फाची पेटी न घेता सामना पाहत होती. दीडशे माणसं असतील. जासिमचा संघ दोन-शून्यने हरला, दुसरा गोल सरळ त्याच्या चुकीने झाला. सामना संपल्यावर तो घामाने निथळत जाळीपाशी आला, आर्याला सलाम केला आणि पुढचा सामना गुरुवारी आहे म्हणून सांगितलं.