सात मीटरचं जहाज

मी एक कॅराव्हान बोलतेय. गाडीमागून ओढत न्यायचं घर. चार चाकं, सात मीटर लांबी आणि मागच्या डाव्या कोपऱ्याला यंदापर्यंत तीन पोचे. ते कुणी पाडले, विचारू नका. माझे मालक मर्व्ह यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. तेव्हा चूक अर्थातच झाडांची.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी दुधासारखी पांढरी होते. निवृत्त झाल्यावर मर्व्हनी मला घेतलं आणि बायको नोलीनसह अख्खा ऑस्ट्रेलिया पालथा घातला. एकच गाव टाळलं: उत्तरेचं ते लोखंडाच्या खाणींचं बंदर. तिथे त्यांची मुलगी टॅमसिन जहाजं खाडीतून आत-बाहेर काढते. ही नोकरी लागली तेव्हा मर्व्ह सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आधी दुकानासमोर गाडी धड लाव, मग जहाजं लाव!" चार वर्षं ती घरी फिरकली नाही. यांनीही फोन केला नाही. बाणेदार माणूस!

यंदा नोलीन म्हणाली, "मी बसनं जाते. तू बस मासे धरत." मग काय, निघालो. सोळाशे किलोमीटर मर्व्हनी ट्रकवाल्यांना शिव्या घातल्या; मुलीचं नाव काही घेतलं नाही.

त्या गावात खाणीच्या मातीनं कुत्र्यापासून चर्चपर्यंत सगळं लाल. मुक्कामाच्या आवारात एकच जागा उरली होती, खांब आणि नळ यांच्यामधली. नवी गाडी आली की आधीचे मुक्कामी घडीच्या खुर्च्या तिकडे वळवतात, बिअर उघडतात. दुसऱ्याला गाडी मागे घेताना बघणं, यापरती करमणूक नाही.

मागे उभं राहून हात दाखवायचं काम बायकोचं. नोलीननं हात झटकले. "मागच्या वेळी 'थांब' म्हणाले, तर तू झाडावर घातलीस."

तेवढ्यात नोलीननं बोलावलेली टॅमसिन कामाच्या नारिंगी शर्टातच आली. "साडेचारला भरती आहे, मला जहाजावर जायचंय. आरशात बघ, डॅड."

"मला शिकवू नकोस!"

धाडकन मी खांबावर आदळले. चौथा पोचा.

"म्हाताऱ्या, नळ राहिलाय अजून!" खुर्चीतून कुणीतरी ओरडलं.

मर्व्हनी मग आरशात बघितलं. टॅमसिन हात वर करून उभीच होती.

"पुढे घे. आता डावीकडे. हळू. चाकं सरळ. बस."

जन्मात पहिल्यांदा मी एका फटक्यात जागेवर बसले. प्रेक्षकांची घोर निराशा झाली.

मर्व्ह उतरले, पोचा चाचपला. "खांब वाकडा पुरलाय." मग खाली बघतच विचारलं, "तुझं जहाज केवढं?"

"तीनशे तीस मीटर."

"आरसे असतात त्याला?"

"नाही, डॅड."

साडेचारला मर्व्ह घडीची खुर्ची काखोटीला मारून धक्क्याकडे गेले. बिअर न्यायला विसरले.

आता मी गुलाबी झालेय. ती माती धुऊन जात नाही. कुठे भेटलेच, तर आमच्या मालकांना पोच्यांबद्दल जरूर विचारा. पहिले तीन झाडांमुळे पडले, असंच सांगतील. चौथ्याबद्दल मात्र खाकरून म्हणतात, "तो माझा."