स्वतःची सही

“इथे भावाची सही लागेल,” म्हणत प्राचार्यांनी कागद पुढे सरकवला. त्यावर छापलं होतं, ‘विद्यार्थिनीच्या वर्तनाची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.’

धाकट्याने पेन काढलंही. शिवणाचं दुकान बंद ठेवून तो बहिणीबरोबर आला होता. ताईने त्याचा हात धरला.

“थांब. सर, बाकीच्यांच्या भावांकडूनही घेता हे?”

“त्यांची गोष्ट वेगळी. तुम्हाला आवाज ऐकू येतात, असं तुम्हीच अर्जात लिहिलंय.”

“येतात, सोळा वर्षं. गोळ्या घेते. बोलतात तर शेजारीही. मी दोघांचं मनावर घेत नाही.”

“आणि वर्गात काही झालं तर?”

“आजारी पडले तर रजा द्या, जागा राखून ठेवा. पाय मोडलेल्याला देता तेवढंच. आणि परीक्षेला अर्धा तास जास्त. गोळ्यांनी हात थरथरतो.”

“अहो, इमारतींचे नकाशे काढायचा अभ्यासक्रम हा!”

“रेघ सरळ येईल. वेळ तेवढा लागेल.”

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. हातातोंडाशी आलेला घास ही घालवते की काय! पण एकोणिसाव्या वर्षी वडिलांनी परस्पर तिचं नाव कॉलेजातून काढलं, तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. आता पस्तिशीत तिला दुसऱ्याच्या सहीवर शिकायचं नव्हतं. तिने कोऱ्या कागदावर आपल्या मागण्या लिहिल्या, खाली सही ठोकली. “नाही म्हणायचं तर कारण लेखी द्या.”

लेखी द्यायला प्राचार्य धजावले नाहीत. प्रवेश मिळाला.

दुसऱ्या सत्रात आवाजांनी उचल खाल्ली. पाच आठवडे रुग्णालयात गेले. परीक्षेत नकाशात ती पास झाली, गणितात नापास. वर्ष गेलं.

“ताई, जिवापेक्षा का शिक्षण मोठं?” धाकटा काकुळतीला आला. “दुकानात बस, काजं-बटणं कर.”

“तुझी काजं तूच कर. मी पुन्हा पहिल्या वर्षाला बसतेय.”

बरोबरच्या मुली वरच्या मजल्यावर गेल्या. ती त्याच खालच्या वर्गात, नव्या चेहऱ्यांत जाऊन बसली. एक मुलगी दप्तर सावरत बाकाशी घुटमळली.

“मावशी, इथे कुणी बसलंय?”

“मावशी घरी. वर्गात एकमेकींना काय म्हणता?”

मुलगी क्षणभर गोंधळली. मग हसली.

“ए, सरक ना जरा.”

ताई सरकली.